तेलाची वाटी

एरंडेलाचा वास कपड्यातून जात नाही. गरम पाण्यात सोडा टाकून झाला, भांड्याचा साबण चोळून झाला, कुणी सांगितलं म्हणून डाळीचं पीठसुद्धा लावून पाहिलं. कपडा ओला असेतोवर गेल्यासारखा वाटतो आणि इस्त्री फिरली की पुन्हा वर येतो. जाडसर, उग्र, जुन्या औषधाच्या बाटलीसारखा. गेली चार वर्षं आमच्या गॅलरीतल्या दोरीचं भिंतीकडचं टोक या कपड्यांसाठी राखीव आहे. वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या वहिनींनी परवा हळूच विचारलं, "तुमच्याकडे कुणाला वाताचा त्रास आहे का हो?" म्हटलं, "नाही, मल्लखांब आहे."

पण तो वास घरात यायच्या आधीपासून सांगायला हवं.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशला बसते. दिवसभर नोटा मोजायच्या, संध्याकाळी रोकड जुळवायची, दहा रुपयांचा फरक आला तरी सापडेपर्यंत उठायचं नाही. असल्या बाईच्या पोटी जो मुलगा आला त्याने पहिलीच्या पहिल्या सत्रात चार पाण्याच्या बाटल्या, दोन छत्र्या आणि एक डावा बूट हरवला. उजवा पायातच होता. डावा कुठे गेला हे आजतागायत कळलेलं नाही. आजी त्याला भिंगरी म्हणायची, अजूनही म्हणते. शेजारपाजारचे वांड म्हणायचे. शाळेचं म्हणणं डायरीत यायचं.

तिसरीतल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ती डायरी घेऊन बसले आणि शेरे मोजले. मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे हात आपोआप त्या कामाला लागतात. जून ते ऑक्टोबर, 43 शेरे. जागेवर बसत नाही. गृहपाठ अपूर्ण. शेजारच्या मुलाला त्रास देतो. वही आणली नाही. लक्ष नाही. लक्ष नाही. लक्ष नाही. एक लाल शाईत: पालकांनी लक्ष द्यावे. 43 मध्ये चांगले म्हणावे असे दोन. त्यातला एक 15 ऑगस्टचा, झेंडावंदन झाल्यावर मैदानातल्या खुर्च्या उचलायला मदत केली म्हणून. तो वाचला आणि मी पुढे गेले. अख्ख्या डायरीत कामाचा शेरा तोच होता, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

पुण्याला डॉक्टरांकडे गेलो तेव्हा तो आठ वर्षांचा होता. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. बोगद्यात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत दिवे मोजायचे हा त्याचा खेळ, आणि एकदाही मोजणी पूर्ण झाली नाही कारण मध्येच काहीतरी दुसरं दिसायचं. मला वाटलं होतं डोक्याचा फोटो काढतील, रक्त तपासतील. यातलं काही नव्हतं. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चंचलपणा, उतावळेपणा आवरत नाही अशी अवस्था, असं रक्तात सापडत नाही. डॉक्टरांनी दोन तास प्रश्न विचारले. लक्ष न लागण्याच्या नऊ खुणा, चंचलपणा आणि उतावळेपणाच्या नऊ. मुलांमध्ये यातल्या एका गटातल्या तरी सहा हव्यात, सहा महिने टिकलेल्या हव्यात, बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेल्या हव्यात आणि दोन ठिकाणी दिसायला हव्यात. फक्त शाळेत किंवा फक्त घरी असं चालत नाही. शाळेसाठी वेगळा फॉर्म दिला. नवरा मध्येमध्ये सांगत होता, "डॉक्टर, मी पण लहानपणी अगदी असाच होतो." तो हे पोराची बाजू घ्यायला म्हणत होता. डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते कागदावर लिहून घेतलं. घराण्यात उतरणारी गोष्ट आहे ही, आणि आनुवंशिकतेचा वाटा त्यात बराच मोठा असतो.

आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला जो मला तेव्हा अगदीच निरर्थक वाटला. वर्गातल्या मुलांच्या मानाने याचा वाढदिवस कधी येतो? आमचा सप्टेंबरअखेरचा, म्हणजे वर्गातला जवळजवळ शेंडेफळ. अमेरिकेत जिथे प्रवेशाची तारीख 1 सप्टेंबर आहे, तिथल्या मुलांची पाहणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली होती. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलांमध्ये या निदानाचं प्रमाण सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा 34 टक्क्यांनी जास्त निघालं. कोवळेपणालाच आजार समजण्याची चूक होते. म्हणून डॉक्टरांनी लगेच शिक्का मारला नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. तेव्हा मी चिडले होते, रजा काढून दोनदा पुण्याला खेटे घालायचे म्हणून. आता त्या चिडण्याची लाज वाटते.

दुसऱ्या खेपेला निदान पक्कं झालं. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी घरी येऊन तशीच्या तशी सासूबाईंना सांगितली. अमेरिकेत मुलांच्या मेंदूंचे फोटो वर्षानुवर्षं काढून पाहिले, त्याचा निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाला. मेंदूच्या वरच्या थराची वाढ एका टप्प्याला पोचायला इतर मुलांना साधारण साडेसात वर्षं लागत होती, तिथे एडीएचडी असलेल्या मुलांना साडेदहा लागली. वाढीची वाट तीच, फक्त उशीर. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तीन वर्षं थांबू की. कच्चा आंबा बडवून पिकवतं का कुणी?" मला भरूनच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुधाचं पातेलं पाडलं तेव्हा त्यांचा आवाज खाली पोवई नाक्यापर्यंत गेला असेल, तो भाग वेगळा.

लोक मला सांगतात, पूर्वी एकत्र कुटुंबात असली पोरं आपोआप सामावून जायची, कुणाला डॉक्टर लागायचा नाही. हे अर्धं खरं आहे. वाड्यात दहा डोळे असायचे, मान्य. तोंडंही दहाच असायची. आमच्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ असाच होता म्हणे. पायाला भिंगरी, शाळेत मार, घरी मार, चौदाव्या वर्षी घरातून निघून गेला. मुंबईत गोदीत कुणीतरी पाहिला म्हणतात. घरातल्या जुन्या फोटोत तो एका कोपऱ्यात आहे, हललेला. फोटोतही हलला, असं सगळे हसून सांगतात. सामावलेली पोरं लक्षात राहतात आणि निघून गेलेल्यांची गणती कुणी ठेवत नाही.

आणि मी कोणत्या तोंडाने वाड्याला नावं ठेवू? निदान झाल्यावर महिन्याभराने, एका मंगळवारी, कॅश पाचशेने कमी आली. सापडायला साडेसात वाजले. घरी आले तर हा गणिताच्या वहीपाशी बसलेला, एक उदाहरण लिहिलेलं, पुढचं पान फाडून त्याचं विमान. मी स्टीलची पट्टी उचलली. दोन वळ उठले, मांडीवर. तो रडला नाही. विमान उलगडून सरळ करत म्हणाला, "आई, उद्या मी लक्ष करीन."

लक्ष करीन. लक्ष देतात, हे त्याला माहीत नव्हतं. देण्याइतकं ते हातात कधी राहिलंच नव्हतं त्याच्या.

त्या रात्री समोरच्या काकू आल्या. आवाज ऐकला असणारच, पण त्याविषयी एक शब्द काढला नाही. म्हणाल्या, "उद्यापासून संध्याकाळी माझ्याकडे पाठव. तू येईस्तोवर बसेल." काकूंना गणित येत नाही, त्यांचं शिक्षण सातवी. त्या करायच्या काय, तर परातीत लसूण घेऊन बसायच्या आणि हा समोर वही घेऊन. माझ्याजवळ दोन तास रडून न होणारा गृहपाठ तिथे अर्ध्या तासात व्हायचा. मी शेवटी विचारलंच, "काकू, तुम्ही करता तरी काय?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "मी काय करते? लसूण सोलते."

नंतर समुपदेशक बाईंनी मला सांगितलं की हे चांगलंच माहीत असलेलं आहे. या मुलांना काम सुरू करणं आणि त्यात टिकून राहणं जड जातं, आणि शेजारी एखादं माणूस शांतपणे आपलं काम करत बसलेलं असलं की त्यांना ते जमतं. शिकवायचं नाही, राखण करायची नाही, दर दोन मिनिटांनी वहीत डोकवायचं नाही. डोकावणं कसं टाळायचं ते मला अजून नीट येत नाही.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला कोल्हापूरला गेल्या, तीन महिने. पहिल्या आठवड्यातच सगळं घसरलं. वह्या अपूर्ण, डायरी भरलेली, माझा आवाज चढलेला. तेव्हा पहिल्यांदा नीट उमजलं की मुलाचं सगळं एका माणसावर टांगलेलं असलं तर ते माणूस उठून गेल्यावर मूल खाली येतं. आणि माणूस कधीतरी उठणारच. त्याला लेकी असतात, गुडघे असतात, कंटाळाही असतो.

शाळेत एकदा पालकांसाठी व्याख्यान ठेवलं होतं. विषय रेझिलियन्स. पडद्यावर मराठीत 'लवचिकता' लिहिलेलं. मला लवचिकता म्हटलं की वेताची छडी आठवते, त्यामुळे तो शब्द काही जवळचा वाटला नाही. सासूबाई अशा पोराला चिवट म्हणतील. मला त्यातल्या त्यात 'तग' आवडतो. पण तग नुसता नसतो, तग धरतात. धीरही धरतात. धरायचं म्हटलं की हाताला काहीतरी लागावं लागतं, आणि व्याख्यानात तेवढंच आलं नाही. मुलाला मनाने खंबीर कसं बनवायचं यावर दीड तास झाला. मुलाच्या हाताला काय लागतं यावर कुणी बोललं नाही.

व्याख्यानात अपेक्षेप्रमाणे अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स मात्र उदाहरणाला आला. त्याला एडीएचडी होता आणि त्याने ऑलिम्पिकची 23 सुवर्णपदकं मिळवली, हे खरंच आहे. पण साताऱ्यातल्या आईला त्याचं काय करायचं? आमच्या पोराला पदक नको होतं. त्याला मधल्या सुट्टीत डबा खायला कुणीतरी सोबत हवं होतं.

त्यापेक्षा मला समुपदेशक बाईंनी सांगितलेली काउआईची हकिकत कामी आली. हवाई बेटांपैकी हे एक, उसाच्या मळ्यांचं. तिथे 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी ती मुलं चाळिशीला येईपर्यंत माग ठेवला. जवळजवळ एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं दारूपायी किंवा मनाच्या आजारापायी हरवलेलं लक्ष, असं एकावर एक आलेलं होतं. त्यातली दोन तृतीयांश पुढे अडचणीत सापडली. राहिलेली एक तृतीयांश धड, कामसू, माया करणारी माणसं झाली. ही पाहणी एडीएचडीची नव्हती, पण तगून जाण्याचा विषय निघाला की जाणकार तिच्याकडेच वळतात. तगलेल्या मुलांपाशी काय होतं? आजी, शेजारीण, मास्तर, असं निदान एक तरी माणूस, जे टिकून राहिलं. इथवर मला काकू आठवत होत्या. पण वर्नरबाईंनी आणखी एक गोष्ट टिपली होती. त्यांतल्या पुष्कळ मुलांवर घरात किंवा बाहेर काहीतरी काम सोपवलेलं होतं. धाकट्या भावंडाला सांभाळायचं, घर चालवायला हात लावायचा. त्यांची कुणाला तरी खरोखरीची गरज होती.

मला 15 ऑगस्टच्या खुर्च्या आठवल्या.

आता मल्लखांब. तिथे आम्ही काही मोठा विचार करून गेलो नाही. डॉक्टर म्हणाले होते, रोज दमू दे त्याला. कराटेच्या वर्गाने दोन आठवड्यांत हात जोडले. क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उभा केला तर तो पतंग बघायचा, आणि चेंडू शेजारून जायचा. शेवटी नवऱ्याच्या ओळखीतून एका जुन्या व्यायामशाळेत घातला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांब पुन्हा रुजवणाऱ्या बाळंभटदादा देवधरांची तसबीर, हार वाळलेला, आणि मधोमध तो शिसवी खांब. वर बोंड, त्याखाली मान, मग अंग. एक खांब आणि चौदा पोरं.

खांबावर चढलेलं मूल अर्धा-पाऊण मिनिट वर असतं. पकड चुकली की त्याच क्षणी कळतं, सांगायला कुणी लागत नाही. साध्या अढीला, म्हणजे खांबाला पायांचा विळखा घालताना, आमच्या पोराच्या मांड्यांची आतली साल निघाली. घरी पाच ओळी लिहिताना दहादा उठणारा हा, रात्री खोबरेल लावून घेताना डोळ्यांत पाणी आणि सकाळी सहाला तयार. शाळेतल्या एका बाईंना मी कौतुकाने हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघा, म्हणजे तिथे लागतं ना लक्ष? इथे मुद्दाम लावत नाही." हे वाक्य एडीएचडीच्या प्रत्येक आईबापाने ऐकलेलं असतं. टीव्हीसमोर बरा बसतो, मोबाइलवर बरा बसतो. लक्ष नसतंच असं नाही हो. हवं तेव्हा, हवं तिथे वळवण्याचा लगाम ढिला असतो. जिथे फळ ताबडतोब मिळतं तिथे ते लागतं, आणि जिथे फळ वार्षिक परीक्षेत मिळायचं तिथे सुटतं. हे मी त्या बाईंना म्हणाले नाही. "हो ना," म्हणाले आणि घरी आले. डायरी त्यांच्या हातात होती.

तर खांबावर प्रश्न नव्हता. प्रश्न रांगेत होता. एकाचा नंबर आणि तेरा जण बसलेले. पंधरा दिवसांत याने रांगेत दोघांना पाडलं, एकाचा पंचा खिडकीबाहेर टाकला आणि सरांची शिट्टी वाजवली. मी दारातूनच बघत होते, चपला घालून तयार. आता सर बोलावणार, म्हणणार, ताई, थोडा मोठा होऊ द्या.

सरांनी बोलावलं, पण त्याला. कोनाड्यातली जर्मलची वाटी काढली. तळाशी तेल, त्यात एक फडकं. म्हणाले, "दर दोन पोरांनंतर खांब पुसायचा, तेल लावायचं. मानेला कमी, अंगाला जरा जास्त. जास्त झालं तर पोरगं घसरेल, कमी झालं तर साल निघेल. तुझ्याकडे."

एवढंच. सर फार बोलतच नाहीत. पोरगं वर असताना त्यांचे शब्द एकेकटे येतात. टाच. गुडघा. बघ. हात मात्र कायम वर असतो, पोराच्या कमरेपासून चार बोटांवर. लावत नाहीत आणि काढतही नाहीत. मी कितीतरी संध्याकाळी तो हात बघत बसले आहे. वह्या तपासताना माझा हात तसा राहावा असं वाटतं. राहत नाही, वहीवर जातोच.

पहिल्या महिन्यात वाटी दोनदा सांडली. सरांनी लाकडाच्या भुशाचं पोतं दाखवलं आणि ते पुढच्या पोराकडे वळले. हाच भुसा टाकून पुसून आला, अर्धा स्वतःच्या केसांत घेऊन. तिसऱ्या महिन्यात तो एकदा तेल लावायला विसरला. एका मोठ्या पोराची मांडी सोलून निघाली. त्या पोराने सगळ्यांदेखत याची अशी काढली की मी दारातून आत जायला निघाले. नवऱ्याने दंड धरला. आमचं पोर मान खाली घालून उभं राहिलं, मग गेलं, वाटी आणली, आणि नंबर नसताना खांब बोंडापासून खालपर्यंत पुसून काढला. हा मुलगा आजवर चूक झाली की एकतर पळायचा किंवा मारायचा. तिथे पळून चालणार नव्हतं, कारण पुढचं पोर खांबापाशी येऊन उभं होतं आणि ओरडत होतं, "ए भिंगरी, तेल!"

नाव तिथेही पोचलं होतं. पण ते हाक मारायला वापरलं जातंय, असं पहिल्यांदाच ऐकलं.

सगळं मल्लखांबाने झालं असं कुणी वाचू नये. तो नवव्या वर्षापासून गोळी घेतो. मिथाइलफेनिडेट. नियंत्रित औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि सगळ्या दुकानांत नसतंच. नवऱ्याच्या ऑफिसातलं कुणी पुण्याला निघालं की आधी आमचा फोन जातो. गोळीने दुपारची भूक जाते, डबा भरलेला परत येतो आणि रात्री नऊ वाजता हा चार पोळ्या मागतो. नातेवाईक म्हणाले, पोराला नशेच्या गोळ्या घालता. मी पूर्वी वाद घालायचे, आता घालत नाही. गोळीने त्याला बाकावर बसवलं, हे खरं. पण मित्र गोळीतून येत नाहीत. अमेरिकेत 579 मुलांवर जो मोठा उपचार-अभ्यास झाला, 1999 चा, त्यातल्या मुलांच्या वर्गांत जाऊन संशोधकांनी पुढे विचारलं, यांच्याशी कुणाला खेळायला आवडतं, कुणाला नाही. एडीएचडी असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना वर्गाने 'नको' म्हटलं होतं. हा आकडा वाचला तेव्हा मी काउंटरवर होते. समोरच्या आजोबांना दोनदा पैसे मोजून दिले.

शाळेत सहावीला एक चांगले सर मिळाले. हजेरीपट ऑफिसात नेऊन द्यायचं काम याच्याकडे दिलं, म्हणजे दोन तासांच्या मध्ये पाय मोकळे. सातवीत ते बदलले आणि पुन्हा डायरी. 2016 च्या अपंगत्वाच्या कायद्यात 21 प्रकार आहेत, अध्ययन अक्षमता त्यात आहे, एडीएचडी स्वतंत्र असं नाही. त्यामुळे शाळेत एखाद्या माणसाच्या चांगुलपणावर भागवावं लागतं. त्यावर वेगळं लिहावं लागेल, आणि ते असं शांतपणे लिहून होणार नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी होती. वर्षभर याच एका गोष्टीसाठी सकाळचं उठणं. त्या दिवशी नंबर पुकारला तेव्हा हा मैदानाच्या पलीकडे कुणाच्या तरी नव्या सायकलचे गिअर बघत होता. दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुढचं नाव घेतलं. धावत आला तोवर परीक्षकांनी पान उलटलं होतं. सर परीक्षकांशी बोलले नाहीत. नियम तो नियम.

घरी आल्यावर तो दोन दिवस पलंगाखाली होता. खरोखर पलंगाखाली, उशी घेऊन. बारा वर्षांचा मुलगा, पाय बाहेर. मला म्हणाला, "माझं डोकंच खराब आहे ना आई?" मी पुष्कळ काही बोलले, कशाचाच उपयोग नव्हता. नवऱ्याने कधी नव्हे ते स्वतःचं सांगितलं, दहावीचा भूगोलाचा पेपर दुपारचा समजून तो घरी झोपला होता ते. ते मलाही माहीत नव्हतं, लग्नाला पंधरा वर्षं होऊन. सासूबाईंनी थालीपीठ पलंगाखाली सरकवलं. काकू लसूण घेऊन आल्या आणि जमिनीवर, त्याच्या पायांपाशी, सोलत बसल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरात खुडबूड. तो पंचा शोधत होता.

"जायचंय?" मी विचारलं.

"मी नाही गेलो तर तेल कोण लावणार? तो बारक्या लावतो, सगळं मानेलाच फासतो."

मी गॅस पेटवला आणि दूध ठेवलं. यापेक्षा जास्त काही बोलले असते तर बिघडलं असतं.

आता तो तेरा वर्षांचा आहे. यंदा पुन्हा चाचणी आहे. पाण्याच्या बाटल्या हरवतातच, मी आता दोन रंगांच्या घेते म्हणजे शोधायला सोपं जातं. डायरीचे शेरे मोजायचं सोडलं आहे, हे मात्र खोटं, मोजते. या सत्रात 17.

कालच संध्याकाळी फोन आला. ज्या पोराची मांडी सोलली होती ना, तोच. आवाज फुटलेला, दहावीत आहे आता.

"काकू, भिंगरीची पिशवी इथंच राहिली. पंचा, डबा, सायकलची किल्ली, सगळं."

"अरे, मग घरी आला कसा तो?"

"चालत. सायकल पण इथंच आहे. मी घेऊन येतोय. पण त्याला सांगू नका हां आत्ताच. शोधू दे जरा."